तुझं एक वर्ष का गेलं?

बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न चहाबरोबर येतो. मार्कशीटवर २०१८ असायला हवं तिथं २०१९ आहे, आणि ते सगळ्यांना कसं कळतं हे मला अजून कळलेलं नाही. आत्या विचारते, मुलाकडची मंडळी विचारतात, परवा दांडिया बाजारात भाजी घेताना शाळेतल्या बाईंनी विचारलं. आजवर मी "काही वैयक्तिक कारणामुळे" एवढं म्हणून विषय बदलत आले. नापास झाले नव्हते. आजारीही नव्हते. प्रेमप्रकरण तर नव्हतंच, जरी बऱ्याच जणांचं तसं ठाम मत असलं तरी. आता विचारलंतच आहे, तर एकदाच सांगते.

माझी पदवी स्पोर्ट्स सायन्सची. ते म्हणजे पीटी का, हा प्रश्न आज घेणार नाही. विद्यापीठाचं नावही घेणार नाही. शहराच्या आसपास आता विद्यापीठं सेवउसळीच्या दुकानांइतकी झाली आहेत, कुठलंही धरा. शेवटच्या वर्षाला कॅपस्टोन नावाचा विषय असतो. (घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा 'स्टोन' एवढंच ऐकून आत्यानं कुळथाचं कढण सुचवलं होतं.) आधी जे जे पाठ केलं, स्नायू, सांधे, ट्रेनिंगची तत्त्वं, संख्याशास्त्र, ते खऱ्या माणसांवर वापरून दाखवायचं. एखाद्या क्लबात किंवा शाळेत काम करायचं, एथिक्स समितीची परवानगी घ्यायची, मोजमापं करायची, अहवाल बांधायचा आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. पुस्तकातला गुडघा आणि मैदानातला गुडघा यांची पहिली भेट तिथं होते.

मी खो-खो घेतला. बडोद्याच्या मुलीनं दुसरं काय घ्यायचं? हिंदविजय जिमखान्याच्या काळापासून हा खेळ इथल्या मातीत आहे, आमचे आजोबा पाटीत पळायचे, आणि मी स्वतः दहावीपर्यंत खांबावर सूर मारून कोपरं सोलून घेतली होती. विषय: सहा आठवड्यांच्या प्लायोमेट्रिक व्यायामाचा जागच्या जागी वर मारलेल्या उडीवर होणारा परिणाम. चोवीस मुली, वय चौदा ते सतरा. बाराजणी उड्यांचा गट, बाराजणी नेहमीचाच सराव करणाऱ्या. बोटांना खडू लावून भिंतीला हात टेकवायचा, मग उडी मारून दुसरी खूण करायची, दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजायचं. तीन प्रयत्नांतला सर्वांत चांगला धरायचा. ती भिंत खडूच्या बोटांनी भरली होती, रंगपंचमी झाल्यासारखी.

प्लायोमेट्रिक म्हणजे थोडक्यात असं: स्नायू झटकन ताणला आणि लगेच आखडला, तर तो जास्त जोर लावतो. म्हणून खोक्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी वर उसळायचं. साठच्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक व्हेर्खोशान्स्की यांनी हे पद्धतशीर मांडलं. त्याबरोबरचे नियमही ठरलेले आहेत: दोन सत्रांमध्ये निदान ४८ तास विश्रांती, नवख्यांना सत्रात ८० ते १०० टेकण्यांहून जास्त नको, आणि उतरताना गुडघे आत झुकले तर खोकं कमी करा, नाहीतर थांबवा. हे मला पाठ होतं. अंतर्गत परीक्षेत ह्याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

मुलींची नावं अहवालात द्यायची नसतात, म्हणून वहीत सगळ्यांना क्रमांक होते. ही गोष्ट सात नंबरची आहे. इथंही ती सातच राहील.

जानेवारीत सुरू केलं. उत्तरायण आणि वासी उत्तरायण मिळून दोन दिवस अख्खं शहर पतंग उडवायला गच्चीवर. एक सत्र बुडालं. मग शाळेची स्पर्धा, आणखी दोन बुडाली. अहवालाची तारीख मार्चअखेर. प्रस्तावात बारा सत्रं लिहिली होती, म्हणजे बारा व्हायलाच हवीत, असं मला वाटत होतं. नऊ झाली असं लिहिता आलं असतं. कुणी फासावर दिलं नसतं. पण पाचव्या आठवड्यात मी बुधवारी सत्र घेतलं आणि गुरुवारी पुन्हा घेतलं. त्यात खोकंही ३० सेंटिमीटरवरून ४५ वर नेलं, कारण तक्त्यात त्या आठवड्यात ४५ होतं.

सात म्हणाली, "ताई, आज पाय जड आहेत."

मी वहीत लिहिलं: किंचित थकवा. माझ्या गटात तिची उडी सर्वांत चांगली होती. ३८ सेंटिमीटरवरून ४३ वर आली होती, आणि मला तिचा ४५ चा आकडा हवा होता. दुसऱ्या फेरीत तिचा डावा गुडघा आत झुकताना मी पाहिला. पाहिला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण पाहिला. "गुडघे बाहेर!" असं ओरडलेही. थांब म्हणाले नाही.

चौथ्या फेरीत आवाज आला. मोठा नाही. ओली फांदी मोडावी तसा. ती खाली बसली आणि रडलीच नाही, नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आत काहीतरी सटकलं." समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला, माझ्या ओढणीत बांधून लावला. रिक्षात तिचा पाय माझ्या मांडीवर होता आणि घर येईपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. इतक्या लवकर सूज म्हणजे आत रक्त, हेही पाठ होतं. त्यांचं घर जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, दोराला धरून चढायचा. मी आणि रिक्षावाले काका तिला खुर्चीत बसवून वर घेऊन गेलो. तिच्या आईनं मला आधी पाणी दिलं. मग विचारलं, "नवरात्रापर्यंत गरबा खेळता येईल ना हिला?"

फेब्रुवारी महिना होता. मी "हो काकू" म्हणाले.

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारी दोरी, पूर्ण तुटलेलं निघालं. म्हणजे ऑपरेशन, मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून आत बसवायचा, आणि मैदानावर परतायला निदान नऊ महिने. वडिलांनी खर्च ऐकला आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणाले. मी पैसे देऊ केले, म्हणजे बाबांचे. त्यांनी घेतले नाहीत. राग नव्हता त्यांना, त्याचंच जास्त लागलं.

आता माझी बाजू. ती मांडणारच. एसीएलच्या बहुतेक दुखापती कुणाचा धक्का न लागताच होतात. मुलींमध्ये त्या मुलांपेक्षा बऱ्याच जास्त होतात. खो-खोत वळणं, झुकांड्या, सूर. त्याच आठवड्यात मैदानात तिचा गुडघा गेला असता तर कुणी मला विचारलंही नसतं. एका सत्रामुळे दोरी तुटली असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. हे सगळं खरं आहे. आणि नीट शिकवलेल्या उड्या मुलींचे गुडघे वाचवतात, हेही खरं आहे. "नीट" या शब्दापाशी माझी बाजू दर वेळी अडखळते.

मार्गदर्शक सरांनी अहवालासाठी ठरलेलं वाक्य दिलं: एक सहभागी वैयक्तिक कारणामुळे गळाली. सगळेच असं लिहितात, दुखापत लिहिलीस तर सगळं परत समितीकडे जाईल, असं ते म्हणाले. ते वाईट नव्हते, घाईत होते. मी लिहिलं. माणसांवरचं संशोधन कसं करावं हे सांगणारा हेलसिंकीचा १९६४ चा जाहीरनामा मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिला होता, आणि हे वाक्यही त्याच हातानं लिहिलं. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची प्रत बांधून आली. (निकालही फारसा नव्हता. उड्यांच्या गटाची उडी वाढली, पण दुसऱ्या गटाचीही वाढली, कारण भिंतीला हात लावायचं तंत्र सगळ्यांनाच जमत गेलं होतं.)

तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. का गेले, माहीत नाही. प्रत पिशवीत होती. तिनं ती काढून घेतली आणि आपला नंबर शोधायला लागली. सहा सापडला, आठ सापडला. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं येतं. ते पान आलं, तेव्हा बोट ठेवून तिनं विचारलं, "ताई, वैयक्तिक म्हणजे कुणाचं?"

आई आत पोहे करत होती. मोहरी तडतडल्याचं ऐकू आलं. मी काहीही उत्तर दिलं नाही. तिनं प्रत मिटून नीट पिशवीत ठेवली, आणि मग आम्ही पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, सहभागी का गळाली? मी सांगितलं. बुधवार, गुरुवार, ४५ सेंटिमीटर, सगळं. प्रामाणिकपणा म्हणून सांगितलं असं म्हणायला मला आवडेल. पण त्यांनी विचारलंच नसतं तर मी बोलले असते का? सरांचा चेहरा पाहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे की गप्प बसायला हवं होतं. अहवाल परत आला, समितीची पुढची बैठक जूनमध्ये, तोवर सत्र संपलेलं. पुन्हा नाव नोंदवा, पुन्हा फी भरा. तेच ते वर्ष.

तिचं ऑपरेशन दीड वर्षानं झालं. पुन्हा स्पर्धेत ती खेळली नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या रात्री तिचा मेसेज आला: "ताई बघितलं का??" मी बघितलं होतं. दर सुराला माझी नजर गुडघ्यांवरच होती. नवरात्रात ती गरबा खेळते, पट्टा बांधून. मी तिच्या गोलात जात नाही.

दुसऱ्या अहवालातलं वाक्य माझ्याकडे आहे. "सहभागी क्रमांक ७ ला पाचव्या आठवड्यात, सत्रांमध्ये पुरेशी विश्रांती न मिळाल्यानंतर, डाव्या गुडघ्याला दुखापत झाली." समितीला ते पटलं, मार्कही बरे मिळाले. मी ते मधूनमधून काढून वाचते. विश्रांती मिळाली नाही, दुखापत झाली. कुणी दिली नाही, ते त्यात कुठेच नाही.