इचिरोच्या २६२ रेघा: वही भरली, बेरीज चुकली

मागच्या नोंदीत ऑगस्टअखेरपर्यंत आलो होतो. परवा रात्री २००४चा शेवटचा सामना वहीत उतरवला आणि जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीचा तो अख्खा मोसम कागदावर आला. १६१ सामने, २६२ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठला की एक हिट). अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये एका मोसमात यापेक्षा जास्त हिट अजून कोणी मारलेले नाहीत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: सामन्याची नोंद वाचायची, कुठे चित्रफीत मिळाली तर पाहायची, आणि प्रत्येक हिट मैदानाच्या छोट्या नकाशावर रंगीत पेन्सिलने काढायचा. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, पडलेल्या सिंगलला (एकाच बेसचा हिट) निळी रेघ. चेंडू इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसच्या आसपासच, अडला, तरी गडी पहिल्या बेसवर पोचला, तर लाल. डबल-ट्रिपल (दोन-तीन बेसचे) हिरवे, होमरन (चारही बेस) पिवळे. हिरव्या रेघा निघाल्या २९ आणि पिवळ्या फक्त ८. उरलेले २२५ नुसते सिंगल!

वही मिटण्याआधी सरासरी, म्हणजे हिट भागिले ‘ॲट बॅट’ (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या), काढायला बसलो आणि घोटाळा झाला. २६२ भागिले ७०९, म्हणजे ०.३७०. सगळीकडे छापलंय ०.३७२. तीन रात्री पानं उलटली. हिट बरोबर होते, म्हणजे चूक खालच्या आकड्यात. वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) ४९ आणि अंगावर चेंडू बसून मिळालेले ४ बेस मी आधीच वगळले होते, तेवढं मला माहीत होतं. पण स्वतः आउट होऊन पुढच्याला सरकवणारे दोन बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेले चेंडू) आणि झेल देऊन धाव मिळवून देणारे तीन सॅक्रिफाइस फ्लाय मी बिनदिक्कत ‘ॲट बॅट’मध्ये धरले होते. इतकी वर्षं क्रिकेटची स्कोअरबुकं भरल्यावर हात तसाच चालतो. आपल्याकडे संघासाठी विकेट फेकली तरी ती तुमच्याच नावावर लागते. पाच वजा केले, ७०४ आले, जीव भांड्यात पडला.

या वहीतून मला काय मिळालं म्हणाल, तर लाल रेघा. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बाजूला त्यांची नुसती गर्दी आहे. जमिनीवरून टप्पे घेत जाणारा साधा चेंडू, दुसरा कोणी असता तर आरामात ६-३ (शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसवर फेकला, गडी आउट) लिहून मोकळा झालो असतो. पण पहिला बेस ९० फुटांवर आणि इचिरो डावखुऱ्या बाजूने उभा, म्हणजे एक-दोन पावलं आधीच पुढे. त्यात बॅटचा फेरा पुरा होता होताच त्याचे पाय निघालेले असतात. चित्रफीत थांबवून पाहा: चेंडू बॅटवर आहे आणि शरीराचा तोल पहिल्या बेसकडे गेलाय. मूळचा हा उजव्या हाताचा. फेकतो आजही उजव्यानेच. डावीकडून खेळायला लावलं वडिलांनी, लहानपणी, आइची प्रांतातल्या तोयोयामा गावात.

आणि हीच फलंदाजी एका प्रशिक्षकाला पसंत नव्हती. जपानमधल्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघात पहिली दोन वर्षं, १९९२ आणि ९३, पुढचा पाय लंबकासारखा झुलवणारी ही ढब प्रशिक्षक शोझो दोई यांना रुचली नाही आणि इचिरोचा बराच काळ दुय्यम संघात गेला. १९९४ला त्यांच्या जागी आकिरा ओगी आले. त्यांनी त्याला त्याच्या ढंगाने खेळू दिलं. जपानात सुझुकी पैशाला पासरी, म्हणून शर्टावर नुसतं ‘इचिरो’ लावलं. त्या वर्षी १३० सामन्यांत २१० हिट. जपानी लीगमध्ये त्याआधी कोणी दोनशे गाठले नव्हते. त्या वर्षापासून सलग सात वर्षं सरासरीत पहिला, आणि मग २००१मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, अमेरिकेत सिॲटल मरिनर्स.

२००४कडे परत येतो. एप्रिलचं पान विरळ आहे. मग मे ५०, जुलै ५१, ऑगस्ट ५६. मरिनर्स मात्र त्या मोसमात ९९ सामने हरले. वहीत कोपऱ्यात निकाल लिहितो ना, तिथे ‘पराभव’ लिहून लिहून कंटाळा आला.

१ ऑक्टोबरच्या पानावर जास्त वेळ रेंगाळलो. घरचं मैदान, समोर टेक्सास, पिचर (चेंडू टाकणारा) रायन ड्रीस. पहिल्याच इनिंगमध्ये चेंडू जमिनीवर आपटून तिसऱ्या बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला: २५७, बरोबरी. तिसऱ्या इनिंगमध्ये मधून सरळ सेंटरला: २५८. जॉर्ज सिसलरचा १९२०चा विक्रम ८४ वर्षांनी मोडला. सगळा संघ पहिल्या बेसवर धावला, आणि त्या गराड्यातून सुटून इचिरो प्रेक्षकांत बसलेल्या सिसलरच्या मुलीला भेटायला गेला. माझ्या वहीत दोन्ही रेघा निळ्या. त्याच सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये आणखी एक आला, तो लाल.

सिसलरचे २५७ हे १५४ सामन्यांत आणि ६३१ ॲट बॅटमध्ये, सरासरी ०.४०७. त्यामुळे फलंदाज म्हणून मोठा मोसम कोणाचा, असं विचाराल तर मी सिसलरच म्हणेन. रागावू नका. पण सिसलरची अशी वही मला भरता येणार नाही. आणि मला तर लाल रेघांचंच वेड लागलंय.

त्या लाल रेघांबद्दल एक खटकतं. धावत येऊन पकडलेला चेंडू हातून निसटला तर हिट द्यायचा की शॉर्टस्टॉपची चूक, म्हणजे ई-६, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. क्रिकेटचा स्कोअरर सुटलेल्या झेलाची नोंदही करत नाही. इथे तो चक्क न्यायाधीश. दोन-तीन ठिकाणी मला निकाल पटला नाही, पण रेघ लालच काढली. आकडे त्यांचे, पेन्सिल माझी.

आता २००१ची वही उघडली आहे. २ एप्रिल, ओकलंडविरुद्ध पहिला सामना. पहिला हिट सातव्या इनिंगमध्ये, मधून, निळा. आठव्यात लगेच बंट टाकून पहिल्या बेसवर. आता याला लाल द्यायचा की बंटसाठी वेगळा रंग? डब्यात नारिंगी शिल्लक आहे. तुम्ही काय करता ते सांगा, तोवर ती रेघ साध्या पेन्सिलने काढून ठेवतो.