ऑनिंग वाकडं गुंडाळतंय? आधी टेप आणि मल्टिमीटर काढा

कॅम्परचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं ऑनिंग (बाजूला उघडणारं, गुंडाळता येणारं कापडी छत) अर्ध्यात अडकलं की गॅरेजमधून पहिलं वाक्य येतं, "साहेब, मोटर गेली." नवी मोटर मागवली जाते, बसवली जाते, बिल होतं आणि पंधरा दिवसांनी ऑनिंग पुन्हा तिथंच अडकतं. भांडणाची सुरुवात इथून होते.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा वाईनरीच्या आवारात अशा गाड्या दिसल्या तर नाशिककर वळून बघत नाहीत. गाडी बांधणारे मिळतात. ऑनिंगचा म्हणून कारागीर मात्र सहज सापडत नाही. मग कापड जातं ताडपत्री शिवणाऱ्याकडे, ते पुढे धरणारे घडीचे हात अंबड-सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे आणि वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. तिघांनी हात लावला की चूक नेहमी चौथ्याची निघते. म्हणून गाडी कुणाच्याही दारात नेण्याआधी बिघाड नेमका कुठं आहे, हे स्वतः मोजून ठेवावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हिशेबासाठी ३ मीटर लांब आणि २.५ मीटर पुढे येणारं, बॉक्समध्ये बंद होणारं ऑनिंग धरू. ते पूर्ण उघडा. बॉक्सच्या डाव्या टोकापासून पुढच्या पट्टीच्या उजव्या टोकापर्यंत टेप लावा, मग उलट बाजूनं. दोन्ही कर्ण साधारण ३.९० मीटर यायला हवेत आणि मुख्य म्हणजे एकमेकांएवढे हवेत. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तर एक हात वाकलाय किंवा गाडीच्या भिंतीवरचा ब्रॅकेट सरकलाय. कर्ण सारखे, पण कापडाच्या एका कडेला झोळ, असं असेल तर कापड त्या बाजूला ताणलं गेलंय. यावर जुनी युक्ती आहे: बंद होताना पुढच्या पट्टीची जी बाजू मागे राहते, त्या बाजूला रोलरवर (कापड ज्यावर गुंडाळतं ती नळी) कापडाची किंवा टेपची पातळ पट्टी चिकटवायची. तिथं रोलरचा व्यास किंचित वाढतो, प्रत्येक फेऱ्यात तेवढं जास्त कापड ओढलं जातं. वाकलेल्या हाताला मात्र ही युक्ती लावू नका. आजार तसाच राहतो आणि कापड फाटतं.

आता मोटर. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून मोटरला तेवढे मिळतात असं नाही. ऑनिंग चालू असताना, म्हणजे लोड असताना, मोटरच्या टर्मिनलवर मीटर लावा. बॅटरीपासून मोटर ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर होते १६ मीटर. मोटर ८ अँपिअर घेत असेल आणि कुणी १ स्क्वेअर एमएमची वायर टाकली असेल तर सुमारे २.३ व्होल्ट वायरमध्येच मरतात. मोटरला उरतात १०.३. ती कण्हते, तापते, आतला थर्मल कटआउट (जास्त तापलं की मोटर बंद करणारा स्विच) पडतो आणि मिस्त्री म्हणतो, जळाली. तीच वायर २.५ स्क्वेअर एमएमची असती तर एक व्होल्टच्या आत, ४ ची असती तर जेमतेम ०.६ व्होल्ट गेले असते. अर्थिंगची वायर चेसिसच्या गंजक्या बोल्टला कसली असेल तरी हाच परिणाम. मोटर खरंच गेली का, हे बघायचं असेल तर तिला जाड, आखूड वायरनं थेट बॅटरी द्या. व्यवस्थित फिरली तर नवी मोटर घेऊ नका, वायर बदला. आणि तपासताना सलग चार-पाच वेळा उघडझाप केली असेल तर आधी अर्धा तास थंड होऊ द्या. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नये.

कापडाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण नाशिकमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. आपल्याकडे ताडपत्री शिवणारे पक्के आहेत. ट्रकची, द्राक्षबागेची, मंडपाची कापडं शिवून त्यांचा हात बसलेला असतो. पण त्यांच्या डोक्यात "जितकं जाड तितकं टिकाऊ" हे घट्ट बसलेलं असतं, आणि बॉक्समधल्या ऑनिंगला ते चालत नाही. ६५ मिमी व्यासाच्या रोलरवर अर्धा मिमी जाडीचं २.६ मीटर कापड गुंडाळलं तर गुंडाळी सुमारे ७७ मिमीची होते. तेच कापड पाऊण मिमीचं घेतलं तर ८२. या ५ मिमीसाठी बॉक्स बंद होत नाही, पुढची पट्टी घासते, गिअर ताणला जातो. मग शिवणारा म्हणतो कापड मापात आहे, इलेक्ट्रिशियन म्हणतो मोटर चांगली आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात! नवं कापड घेताना जुन्याचा तुकडा व्हर्नियरनं मोजून जाडी लिहून द्या.

दुसरी गोष्ट कडेच्या दोरीची. कापडाच्या टोकाला शिवणीत जी गोल दोरी असते, ती रोलरच्या खाचेत सरकते. खाच ६ मिमीची आणि दोरी ५ ची असेल तर वाऱ्याच्या एका झटक्यात कापड निसटतं. ७ ची असेल तर आत जातच नाही आणि साबण लावून, हातोडीनं ठोकून बसवलं जातं. तिसरी गोष्ट धागा. उन्हानं कापडाआधी धागा कुजतो. सुती धागा नको, साधा नायलॉनही नको. उन्हाला टिकणारा पॉलिस्टर मागा आणि शिलाई झाल्यावर सुईच्या भोकांवर सीम सीलर लावून घ्या. नाहीतर पहिल्या पावसात शिवणीतून ठिबकणार, आणि "कापड गळतं" की "शिलाई गळते" यावर तासभर वाद.

पाणी साचणं हा कापडाचा दोष नसतो, उताराचा असतो. एक चौरस मीटरवर ५ सेंमी पाणी साचलं तर ते ५० किलो होतं. ऑनिंगच्या हातांचं कोपर एवढ्यासाठी बनवलेलं नसतं. २.५ मीटरला पुढे साधारण ६० सेंमी उतार हवा आणि पुढच्या पट्टीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा १५ सेंमी खाली. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात तर ऑनिंग बंदच ठेवावं. ओलं गुंडाळलं असेल तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके कायमचे. वळवाच्या वाऱ्याचा हिशेबही एकदा डोळ्यांखालून घाला: ७.५ चौरस मीटर कापडावर ताशी ४० किमीच्या वाऱ्याचा जोर ५५ किलोच्या आसपास, ६० किमीला सव्वाशे. हा सगळा भार शेवटी भिंतीतल्या चार-सहा स्क्रूंवर येतो. हे स्क्रू नुसत्या पत्र्यात बसवले असतील तर उपटणारच. आतून ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी आणि आरपार बोल्ट हवेत, खाली पाणी अडवणारी चिकट ब्युटाइल टेप. सिलिकॉन फासणाऱ्याला थांबवा. त्यावर पुढं दुसरं काहीच नीट चिकटत नाही.

हातानं ओढून उघडायच्या, स्प्रिंगवर गुंडाळल्या जाणाऱ्या ऑनिंगबद्दल एकच सूचना. रोलरचं टोपण खोलण्याआधी पिन घालून स्प्रिंग लॉक करा. न करता खोललं तर ती भरलेल्या फेऱ्यांनी गरगर सुटते आणि बोटं मोडते. गॅरेजमधल्या पोराला हे माहीत आहे, असं गृहीत धरू नका.

वाद मिटतो किंवा चिघळतो तो कागदावर. "ऑनिंग दुरुस्ती – ठरल्याप्रमाणे" असं लिहिलेलं जॉबकार्ड काहीच कामाचं नाही. त्यावर दोन्ही कर्णांची मापं, लोडवरचे व्होल्ट, कापडाची जाडी, कुठला भाग बदलायचा, आणि काम झाल्यावर काय दिसलं पाहिजे हे लिहून घ्या. "पाच वेळा सलग उघडून-बंद करून दाखवणार" ही एक ओळ पुष्कळ भांडणं वाचवते. जुने सुटे भाग परत देणार, हेही लिहून घ्या. एस्टिमेटपेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन किंवा व्हॉट्सॲपवर होकार, मगच काम. बिल मागताना "जीएसटीसकट महाग पडेल" असं ऐकू येईल, तरी बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पैशांवरून बिनसलं आणि गॅरेजवाल्यानं गाडी अडवली तर लगेच पोलीस चौकी गाठायची घाई नको. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्यानं वस्तूवर मेहनत-कौशल्याचं काम केलंय त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, उलट काही ठरलं नसेल तर. हा हक्क त्याच कामापुरता. मागच्या वर्षीची उधारी किंवा तुम्ही न सांगितलेलं काम त्यात धरता येत नाही. शहाणपणाचा रस्ता म्हणजे रक्कम यूपीआयनं द्यायची, बिलावर "हरकत नोंदवून रक्कम दिली" असं लिहून सही करायची आणि गाडी बाहेर काढायची. उलट बाजूही आहे: गाडी त्याच्या ताब्यात असताना ऑनिंग उघडं राहिलं आणि वाऱ्यात मोडलं, तर कलम १५१ प्रमाणे वाजवी काळजी घेणं त्याची जबाबदारी होती. म्हणून गाडी सोडताना ऑनिंग उघडून आणि बंद करून, दोन्ही अवस्थांचे फोटो काढा.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरी ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, मुदत दोन वर्षांची. पुण्या-मुंबईच्या गॅरेजनं काम बिघडवलं असेल तरी नाशिकमध्ये राहणाऱ्याला नाशिकलाच तक्रार करता येते. फूड व्हॅन किंवा भाड्यानं देण्याच्या कॅम्परवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: समोरचा "हा व्यावसायिक वापर आहे, हे ग्राहक नाहीत" असा मुद्दा काढणारच. गाडी स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर ते कागदांनिशी मांडावं लागतं.

चिडून दुसऱ्या गॅरेजमध्ये काम करून मोकळं झालं की पहिल्या कामाचा पुरावा गेला. आधी पहिल्याला लेखी कळवा, सात-आठ दिवस द्या. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून, काहीही न खोलता, काय दिसतं ते त्याच्या लेटरहेडवर मापांसकट लिहून घ्या. त्यानंतरच पाना लावू द्या.