पडणारा एमसीबी मोठा करू नका

'गिझर लावला की १६ चा पडतोय, ३२ चा टाकून द्या.' कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात थोडा वेळ थांबलात तरी हे वाक्य कानावर पडेल. ३२ अँपिअरचा टाकला की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप सर्किट तोडणारा स्विच, पडायचा थांबतो, घरातले खूश होतात आणि भिंतीतली वायर तापायला लागते. एमसीबी गिझरला वाचवायला नसतोच. तो वायरला वाचवायला असतो.

एमसीबीवर छापलेला आकडा ओलांडला की तो लगेच पडतो, हा समजही चुकीचा आहे. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार रेटिंगच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर निवांत सोडतो आणि ४६ अँपिअरलाही पडायला जवळजवळ तास घेऊ शकतो. पलीकडे २.५ ची (चौ. मिमी) वायर असेल, तर पाईपमध्ये एकटी असताना तिची क्षमता २४ अँपिअरच्या आसपास असते. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंशांची. ती रोज ओलांडली की इन्सुलेशन कडक होतं, वाकवलं की तडकतं.

मुळात २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. त्याला १६ चा पडत असेल, तर त्याच सर्किटवर वॉशिंग मशीन नाहीतर इस्त्री आहे, किंवा टर्मिनलचा स्क्रू ढिला असून एमसीबी त्या उष्णतेनं पडतोय, किंवा एलिमेंट गेलंय. पाहायचं ते इथं.

वायर निवडताना बहुतेक जण पाकिटावरचा आकडा धरतात. पीव्हीसी तांब्याच्या वायरचे पाईपमधले ढोबळ आकडे असे, भोवतालचं तापमान ३० अंश आणि पाईपमध्ये एकच सर्किट असं धरून: १.५ ला १७.५ अँपिअर, २.५ ला २४, ४ ला ३२, ६ ला ४१. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, आणि उन्हात तापलेल्या गच्चीच्या स्लॅबमधला पाईप त्याहून गरम. ४० अंशांसाठी ०.८७ नं गुणायचं. एका पाईपमध्ये दोन सर्किटं असतील तर आणखी ०.८ नं, तीन असतील तर ०.७ नं. आता २.५ ची वायर बघा: २४ × ०.८७ × ०.७ म्हणजे १४.६. तीन सर्किटं कोंबलेल्या पाईपमध्ये २.५ च्या वायरला १६ चा एमसीबीसुद्धा जास्त होतो! दोनच सर्किटं ठेवली तर १६.७ येतात आणि १६ चा बसतो. दीड टनाच्या एसीला २० चा एमसीबी लावायचा असेल, तर ४ ची वायर घ्या आणि त्या पाईपमध्ये फार तर आणखी एक सर्किट ठेवा. लाइट-पंख्यांना १.५ ची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी भरपूर झाला. स्विचपासून दिव्यापर्यंत १ ची वायर ओढली असेल, तर एमसीबी ६ चाच हवा, कारण सर्किटमधली सगळ्यात बारीक वायर कुठली हे बघूनच एमसीबी ठरतो. न्यूट्रल फेजइतकीच जाड, अर्थिंगही तेवढीच.

जुने वायरमन अजून तीन-बावीस, सात-वीस असं मागतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सुमारे १.२ चौ. मिमी, आणि सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात, सुमारे ४.६. 'तीन-बावीस म्हणजे दीडच' असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. पेठांतल्या जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असेल, तर तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नका. तो जोड काही वर्षांत काळा पडतो आणि तापतो.

पाईपबद्दल. पाऊण इंची म्हणतात तो २० मिमीचा पाईप, पण २० हा बाहेरचा व्यास. आत साधारण १७ मिमी मिळतात, आणि त्यातलीही ४० टक्केच जागा वायरनं भरायची. हिशेबानं २.५ च्या आठ वायर बसतात, पण दोन बेंड असले की सहाच्या पुढं जाऊ नये. ओढताना वायर सोलवटते आणि ते नंतर कोणालाच दिसत नाही. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनाचे दोनच बेंड ठेवा, तिसरा आला तर मध्ये जंक्शन बॉक्स घ्या. किचनकडं आणि एसीकडं जाणारे पाईप सरळ एक इंची, म्हणजे २५ मिमीचे टाका. फरक थोड्या रुपयांचा असतो आणि स्लॅब ओतून झाल्यावर तो रुपया कामाला येत नाही. स्लॅबमध्ये मीडियम किंवा हेवी पाईपच वापरा, प्रत्येक जोडाला सोल्युशन लावा. नुसता दाबून बसवलेला जोड व्हायब्रेटर लागताच सुटतो आणि आत सिमेंटचं पाणी जाऊन गच्च बसतं.

लांबी विसरली जाते ती बोअरच्या मोटरला. मीटरपासून बोअर ६० मीटरवर, मोटर १० अँपिअर घेणारी असं धरा. जाऊन-येऊन वायर १२० मीटर होते. २.५ ची वायर किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे ९.६ व्होल्ट वाटेतच जातात. चालू होताना मोटर पाचपट करंट ओढते, तेव्हा ४८ व्होल्ट पडतात. संध्याकाळी आधीच २०० व्होल्ट असतील तर ती नुसती हुंकारते आणि वाइंडिंग जळतं. ४ ची वायर टाकली की चालूतली घट ६ व्होल्टवर येते, ६ ची टाकली तर ४ वर. मोटरला सी कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा मोठा करंट सोसणारा एमसीबी घ्या. बी कर्व्हचा तीन ते पाचपटीला तत्काळ पडतो, म्हणून मोटर सुरू करताना तो विनाकारण त्रास देतो.

खरेदी करताना आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा पीव्हीसी वायरच्या मानकाचा क्रमांक पाहा. शंका असेल तर ९० मीटरच्या पूर्ण बंडलचा रेझिस्टन्स मोजून घ्या: १.५ ला साधारण १.२ ओहम, २.५ ला ०.७ च्या थोडं वर, ४ ला ०.४५. मोजायच्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. आकडा बराच जास्त आला तर तांबं कमी आहे.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की सर्किट तोडणारा स्विच, हवाच, पण तो ओव्हरलोडला पडत नाही, त्यामुळं एमसीबीची जागा घेत नाही. पावसाळ्यात तो पडू लागला की आधी गेटवरच्या दिव्याचा बॉक्स आणि गच्चीवरचा सॉकेट उघडा. सगळे सिंगल पोल एमसीबी खाली केले तरी पडत असेल, तर न्यूट्रल कुठंतरी अर्थला टेकलाय. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायर जिथं जोडतात त्या पट्टीवरून, एकेक वायर काढा, दर वेळी मेन चालू करून बघा, दोषी सर्किट सापडेल.

२०१९ आणि २०२१ ला जिथं पाणी आलं, त्या शाहूपुरी किंवा चिखली-आंबेवाडीकडच्या घरांत डीबी (एमसीबींचा बॉक्स) वरच्या मजल्यावर घ्या, तळमजल्याची सर्किटं वेगळ्या आरसीसीबीवर ठेवा आणि सॉकेट पुराच्या खुणेच्या वर बसवा. पाण्यात बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच वाळवून पुन्हा लावायचे नाहीत, बदलायचे. पाईपमधलं पाणी निघून वायर कोरडी झाली की वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला, तर ते सर्किट चालू करू नका.