पश्चिमेची खिडकी

वास्तुविशारद म्हणून स्वतंत्रपणे केलेल्या माझ्या पहिल्या काही कामांत वरच्या मजल्यावरचे एक घर होते. त्याच्या बैठकीच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत मी जवळजवळ पूर्ण काचेची केली. कागदावर ती अतिशय देखणी दिसत होती. उन्हाचा विचार मी केला नव्हता असे नाही. जाड पडदे सुचवले होते आणि कमी वीज खाणारे वातानुकूलन यंत्रही निवडून दिले होते. तरीही उन्हाळ्यात चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या खोलीत कोणी बसत नसे. यंत्र मात्र अखंड चालू असे.

त्या वेळी साधा गुणाकार केला असता तर ही चूक टळली असती. निरभ्र आकाशातून येणारे ऊन त्याला सामोऱ्या असलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट उष्णता टाकते. दुपार कलल्यावर पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर याच्या निम्म्याहून अधिक उष्णता सहज पडते, आणि साधी पारदर्शक काच त्यातली ८० टक्क्यांहून अधिक आत सोडते. सहा चौरस मीटर काच धरली तरी ऐन उन्हाळ्यात एक किलोवॉटचे तीन हीटर खोलीत लावून ठेवल्यासारखे होते. शिवाय, काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण त्या प्रकाशाने तापलेल्या फरशीतून आणि सामानातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी तिच्यातून सरळ पार होत नाहीत. पडदा यावर फारसा उपाय करू शकत नाही, कारण ऊन पडद्यावर पडते तेव्हा ते काच ओलांडून घरात आलेले असते. फिकट पडदा त्यातले थोडे परत फेकतो आणि उरलेल्याने स्वतः तापून खोलीला झळ देत राहतो. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेरच अडवायला हवे. तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम उलटा झाला: आधी सावली, मग भिंत, मग हवा आणि यंत्रे सर्वांत शेवटी.

सावलीचा उपाय दिशेप्रमाणे बदलतो. उत्तर गोलार्धात ४० अंश अक्षांशावर उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७३ अंश वर असतो, तर हिवाळ्याच्या सर्वांत लहान दिवशी तो जेमतेम २६ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा योग्य मापाचा छज्जा उन्हाळ्याचे ऊन अडवतो आणि हिवाळ्याचे हवेहवेसे ऊन आत येऊ देतो, तेही कोणी काहीही हलवल्याविना. दक्षिण गोलार्धात हेच काम उत्तरेची खिडकी करते. पूर्व-पश्चिमेला मात्र सूर्य इतका खाली असतो की छज्जा कितीही पुढे काढला तरी ऊन त्याच्याखालून शिरते. तिथे उभ्या पट्ट्या, उघडझाप करता येणाऱ्या बाहेरच्या झडपा किंवा एखादे झाड लागते. शहरात भूखंडाची दिशा आपल्या हाती नसते हे खरे, परंतु जिना, न्हाणीघर आणि कपाटांची भिंत पश्चिमेला टाकणे पुष्कळदा हाती असते.

चारही बाजूंनी मोकळ्या बंगल्याला आपण उगाच आदर्श मानतो, असे मला आता वाटते. इमारतीतल्या मधल्या घराला वर, खाली आणि शेजारी दुसरी घरे असल्याने त्याच्या एक-दोनच भिंती ऊन-थंडीला सामोऱ्या जातात. सर्वांत वरच्या मजल्याला हा लाभ मिळत नाही. तिथे गच्चीवर पांढरा परावर्तक लेप उपयोगी पडतो, मात्र धूळ बसली की त्याचा गुण ओसरतो, म्हणून त्याच्या जोडीला स्लॅबच्या वरच्या बाजूने उष्णतारोधक थर हवा.

जाड, जड भिंतींबद्दल माझे मत बदलायला बराच वेळ लागला. नऊ इंची विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. दुपारची झळ रात्री आत येते, आणि तोवर बाहेर गारवा असेल तर खिडक्या उघडून ती घालवता येते. सगळी भिस्त त्या रात्रीच्या गारव्यावर असते. लंडन शहराची हवा भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते आणि हा फरक रात्री अधिक जाणवतो, अशी निरीक्षणे हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १९व्या शतकाच्या आरंभीच नोंदवली होती. आजच्या दाट वस्तीत तर डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतात, त्यामुळे जड भिंत पहाटेपर्यंत रिकामी होतच नाही. अशा ठिकाणी भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देणे किंवा हलके सच्छिद्र ठोकळे वापरणे बरे. ठोकळे वापरूनही सांगाड्याचे खांब आणि तुळया काँक्रीटच्याच राहतात व उष्णता तिथून वाट काढते, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

हवेचा एक ढोबळ नियम मी नेहमी वापरते. खिडक्या एकाच बाजूला असतील तर बाहेरची हवा छताच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच नीट पोहोचते. समोरासमोर उघडता येत असेल तर पाच पटींपर्यंत. म्हणून खोल आणि अरुंद घराला पलीकडे लहानशी खिडकी मिळवण्यासाठी मी मोठ्या खिडकीचा आकार कमी करायलाही तयार असते. थंड हवामानात याच्या उलट, फटी बुजवणे महत्त्वाचे ठरते. जर्मनीतल्या डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये वापरात आलेल्या पहिल्या ‘पॅसिव्हहाउस’नंतर (म्हणजे ऊब राखायला अगदी थोडी ऊर्जा लागणाऱ्या घरानंतर) रूढ झालेल्या मानकात, चाचणीसाठी दिलेल्या ५० पास्कल दाबाला तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटच गळती चालते. ताजी हवा तिथे यंत्राने येते आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब परत मिळवते.

दिवे, पंखे आणि हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा उष्मा-पंप यांवर फार लिहीत नाही. ती निवड सोपी आहे आणि पुढेही बदलता येते. सौर पॅनेलचे तसे नाही. मजले वाढतात, छत तेवढेच राहते, त्यामुळे उंच इमारतीत प्रत्येक घराच्या वाट्याला येणारे पॅनेल थोडेच असते आणि मागणी आधीच कमी केलेली असेल तरच ते पुरते.

त्या पहिल्या घराला पुढे मी काचेच्या बाहेरून सरकत्या झडपा बसवून दिल्या. खोली आता संध्याकाळी वापरात असते. फक्त सूर्यास्त पाहायचा तर झडपा उघडाव्या लागतात, आणि घरातली मंडळी त्या अर्धा तास तरी उघडतातच.