मागची पानं आधी

रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांना मी नावं ठेवते. फोटोंचं पुस्तक मात्र स्वतः मागूनच उघडते. तिथे बारीक टायपात टिपा असतात. हा कोण, हे कुठलं, त्या दिवशी काय घडलं. चोरून खावं तशी त्या आधी वाचून टाकते आणि मग फोटो बघते.

अमेरिकन फोटोग्राफर ॲलेक सॉथच्या मिसिसिपी नदीकाठच्या पुस्तकाच्या (२००४) बाबतीत ही खोड मला नडली. त्यात मिनेसोटातल्या वासा गावच्या चार्ल्सचा फोटो आहे. अंगात मळका ओव्हरऑल, डोक्याला कानटोपी, दोन्ही हातांत विमानाचं एकेक मॉडेल. मला आधीच माहीत होतं की त्याच्या घरावर काचेची एक खोली आहे, तिला तो ‘कॉकपिट’ म्हणतो आणि तिथेच बसून विमानं बनवतो. त्यामुळे फोटोत मी ती खोली शोधली, विमानं पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि पान उलटलं. मग मैत्रिणीने तोच फोटो पाहिला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “अगं, हा कुणी रागवल्यासारखा का उभाय?” मी माणसाचा चेहरा बघितलाच नव्हता!

त्या चेहऱ्याचं थोडं श्रेय कॅमेऱ्यालाही द्यायला हवं. सॉथचा कॅमेरा ८ बाय १० इंची, म्हणजे एकेक फिल्म वहीच्या कागदाएवढी. तिवईवर तो मांडायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, काचेवर उलटं दिसणारं चित्र जुळवायचं, मग फिल्म सरकवायची. तोवर समोरच्याने काय करायचं? उभं राहायचं. पहिल्या मिनिटाला ओठांवर असलेलं हसू एव्हाना गळून पडलेलं असतं. फोनवर एका दमात पंधरा फोटो काढणाऱ्या आपल्याला हे गळून पडणं कधी दिसतच नाही.

आता टिपा अजिबात वाचायच्या नाहीत, असा नियम करून पाहिला. तो स्पॅनिश फोटोग्राफर क्रिस्तिना दे मिदेलने मोडायला लावला. तिच्या २०१२ सालच्या ‘द ॲफ्रोनॉट्स’मध्ये रंगीबेरंगी कापडाचे सूट घातलेले अंतराळवीर आहेत, त्यांतला एक तर हत्तीला बिलगलेला. नुसतं पाहिलं तर मजेदार फॅशन वाटते. पण १९६४ साली, झांबिया नुकता स्वतंत्र होत असताना, एडवर्ड माकुका न्कोलोसो नावाच्या शिक्षकाने खरोखरच अंतराळ मोहीम काढली होती! शिकाऊ वीरांना तेलाच्या पिंपात बसवून टेकडीवरून गडगडत सोडायचं, हे त्याचं प्रशिक्षण. पैसा काही मिळाला नाही आणि मोहीम जमिनीवरच राहिली. बातम्यांचे फोटो काढण्याला विटलेल्या दे मिदेलने ती गोष्ट पन्नासेक वर्षांनी पुन्हा रचली, बरीचशी स्पेनमध्येच. सूट शिवले तिच्या आजीने. पुस्तकही तिने स्वतःच छापलं, हजार प्रती. हे कळल्यावर त्या सुटांकडे पाहून मला हसू येईना. पिंपात बसणारा, शिवणारी आजी आणि फोटो काढणारी, तिघांचाही उत्साह एकाच जातीचा. टिपा नसत्या तर माझ्या हाती फक्त हत्ती लागला असता.

म्हणजे सगळी गंमत मागच्या पानांतच, असं म्हणावं तर अमेरिकन फोटोग्राफर निकोलस निक्सन आडवा येतो. १९७५ पासून २०२२ पर्यंत दर वर्षी त्याने बायको आणि तिच्या तीन बहिणींचा एक फोटो ठेवला. चौघी नेहमी त्याच क्रमाने उभ्या, हेदर, मिमी, बेबी, लॉरी. टिपेत साल आणि गाव, संपलं. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कोण कुणाशी बोलत नव्हतं, एक अक्षर नाही. मी हावरटासारखी मागची पानं चाळली आणि हात हलवत परत आले. मग काय, हात बघत बसले. या वर्षी कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, गेल्या वर्षी होता तो कुठे गेला. एकदोन फोटोंत निक्सनची आणि त्याच्या कॅमेऱ्याची सावली त्यांच्या अंगावर पडली आहे, तीही अशीच सापडली.

सध्या तडजोड म्हणून नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांना रबरबँड लावते. निक्सनला त्याची गरज नाही. बाकीच्यांचं रबरबँड पहिल्याच संध्याकाळी तुटतं, आता त्याला मी काय करणार.