भरल्या टाकीला पेट्रोलची टंचाई

वडिलांनी १९९५ साली घेतलेली शंभर सीसीची चार स्ट्रोक मोटारसायकल मी आजही रोज लालबाग ते विक्रोळी अशी चालवतो. गेल्या पावसाळ्यात तिला एक खोड लागली. सकाळी ती पहिल्या किकला सुरू होई आणि शीवपर्यंत काही तक्रार नसे. पण पूर्व द्रुतगती मार्गाला लागून अमर महालच्या आसपास वेग पन्नासवर स्थिरावला की मिसिंग, म्हणजे इंजिनचे अडखळणे, सुरू होई, दोन-तीन झटके बसत आणि इंजिन बंद पडे. दहा मिनिटे कडेला थांबले की ती पुन्हा सुरळीत चालू लागे.

गॅरेजमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर दोनदा उघडून साफ झाला, त्याच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांतून, हवा मारून झाली, आणि शेवटी कार्बोरेटरच बदला, असा सल्ला मिळाला. दोन्ही वेळा गाडीची परीक्षा झाली ती गल्लीतल्या एका फेरीने, आणि तेवढ्या अंतरात हा दोष दिसणे शक्यच नव्हते. म्हणून नवा कार्बोरेटर घेण्याआधी पेट्रोल नेमके कुठे अडते ते स्वतः तपासायचे मी ठरवले.

आधी प्रश्न होता तो पेट्रोलचा की ठिणगीचा, कारण इग्निशन कॉइल खराब झाली असेल तर तीही गरम झाल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करते. दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू होताच मी चोक ओढला, तर इंजिन काही क्षण सावरले. चोकमुळे हवा कमी होऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. ठिणगीच कमी पडत असती तर त्याने गाडी सावरली नसती. गाडी बंद पडल्यावर ठिणगी पाडणारा प्लग काढला तो कोरडा, म्हणजे पेट्रोल न पोचलेला, निघाला, आणि इंजिनला टेकवून किक मारल्यावर ठिणगी निळी, ठसठशीत पडली. प्लग परत बसवल्यानंतरच कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला; टाकीतून आलेले पेट्रोल आधी या वाटीत साठते. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू असूनही जेमतेम चमचाभर पेट्रोल गळले आणि धार थांबली. माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती हीच होती, कारण वाटीच रिकामी असेल तर तिच्यातल्या जेटना कितीही वेळा फुंकून काय होणार? अडथळा वाटीच्या वर होता.

रविवारी कॉकपासून येणारी नळी कार्बोरेटरवरून काढून मी बाटलीत सोडली. धार चांगली जाड होती, पाऊण मिनिटात पाव लिटर भरले. तरीही टाकी रिकामी करून कॉक काढला. त्याच्या जाळीवर गंजाचा तांबूस गाळ बसला होता, तो धुतला. नळी कडक होऊन टोकाला चिरली होती. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवी नळी आणून बसवली. ही कामे करायलाच हवी होती, पण सोमवारी गाडी पुन्हा बंद पडली, आणि तीही शीवलाच, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर.

आदल्या संध्याकाळी मी टाकी फुल केली होती. मागचे दिवस आठवून पाहिले, तेव्हा टाकी अर्धी असताना गाडी घाटकोपरपर्यंत जात असे आणि भरलेली असताना आधीच थांबत असे, हे लक्षात आले. जाळीत कचरा असता तर उलट घडायला हवे होते, कारण भरल्या टाकीत पेट्रोलचा दाब जास्त असतो. मग आठवले, की बाटलीची चाचणी घेताना टाकीचे झाकण उघडे होते. आतला गंज पाहायला मी टॉर्च लावली होती.

त्याच रात्री भरल्या टाकीचे झाकण घट्ट लावून तीच चाचणी पुन्हा केली. धाकट्या भावाने बाटली धरली होती. सुरुवातीला धार जाड होती. थोड्याच वेळात तो म्हणाला, “दादा, बघ, बारीक झाली.” धार सुतासारखी झाली, मग थेंब पडू लागले, नळीतून एखादा बुडबुडा उलटा वर चढू लागला. मी झाकण फिरवताच फुस्स आवाज झाला आणि धार पुन्हा पूर्ववत वाहू लागली.

पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घ्यायला झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते. ती आली नाही, की वरची हवा विरळ होते आणि पेट्रोलला धरून ठेवते. भरल्या टाकीत हवेची जागा मुळातच थोडी, म्हणून तिथे हे लवकर घडते. थांबल्यावर फटींतून हळूहळू हवा झिरपते आणि गाडी सुरू होते.

छिद्र बुजले होते ते माझ्याच हातून. जूनमध्ये टाकीत पावसाचे पाणी जाते म्हणून झाकणाच्या रबरी रिंगखाली मी सिलिकॉन भरले होते. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते. ते मऊ होऊन सरकले आणि छिद्रावर बसले होते. ते सगळे खरवडून काढले, बारीक पितळी तारेने छिद्र मोकळे केले आणि नवी रिंग कोरडीच बसवली.

त्यानंतर टाकी फुल करून लालबागहून ठाण्याच्या आनंदनगर नाक्यापर्यंत न थांबता जाऊन आलो. पाण्याची धास्ती मात्र आहेच, म्हणून मुसळधार पावसात उभ्या गाडीवर कव्हर घालतो आणि दर पंधरवड्याला कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाला वेगळे दिसते. गेल्या दोन खेपांना तळ स्वच्छ होता.