तारा असलेला ग्रँट

अमेरिकेने १९२२ साली ग्रँटच्या स्मरणार्थ काढलेल्या अर्ध्या डॉलरच्या चांदीच्या नाण्यावर, 'ग्रँट' या नावाच्या वरच्या मोकळ्या जागेत, क्वचित एक छोटासा खोलगट तारा सापडतो. तारा नसलेलं नाणं साधारण संग्राहकाच्या खिशाला झेपतं. तारा असेल तर किंमत कितीतरी पटींनी वाढते. बाकी दोन्ही नाण्यांत काडीचा फरक नाही. एका बाजूला तोच राष्ट्राध्यक्ष ग्रँट, दुसऱ्या बाजूला त्याचं झाडांखालचं घर, तीच चांदी, तेच वजन. जन्मशताब्दी समितीला सोन्याच्या काही नाण्यांवर वेगळी खूण हवी होती. टाकसाळीने चांदीच्या पाच हजारांच्या आसपास नाण्यांवरही तारा पाडला, आणि त्यातलीही काही न खपल्यामुळे पुन्हा वितळवली. ताऱ्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. पण अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या स्मारक नाण्यांचा पूर्ण संच करायचा म्हटलं की या बिनअर्थाच्या ताऱ्यापाशी भलेभले अडतात.

मी इथे अमेरिकेत जुन्या नाण्यांच्या दुकानात नाणी तपासतो. खरं की खोटं, धुतलेलं की मूळ चमकेचं, कोणत्या श्रेणीत बसेल, हे ठरवायचं माझं काम. ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्या दिवशी माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये ताऱ्याची दोन नाणी होती आणि पलीकडच्या खुर्चीवर आमच्या एक जुन्या ग्राहक. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. दुकानात आम्ही सगळे त्यांना नावाने हाक मारतो, पण माझ्या मनात त्या पहिल्यापासून 'बाई'च. त्यांच्याकडे १४३ नाणी होती. पूर्ण संच १४४ चा.

हा संच १८९२ मध्ये सुरू होतो आणि १९५४ मध्ये संपतो. त्यानंतर १९८२ पर्यंत अमेरिकेने एकही स्मारक नाणं काढलं नाही, म्हणून या आधीच्या नाण्यांना 'क्लासिक' म्हणतात. बहुतेक लोक हल्ली प्रत्येक प्रकारचं एकेक असा ५० नाण्यांचा संच करतात आणि थांबतात. त्यांना दोष देता येणार नाही. एकट्या आर्कान्सा राज्याचीच १५ नाणी आहेत, एकाच चित्राची, फक्त साल आणि टाकसाळीचं चिन्ह बदलत जाणारी. टेक्ससची १३. डॅनियल बूनच्या दोन नाण्यांची छपाई दोन हजारांच्या जरा वर, म्हणजे तीही मिळता मिळत नाहीत. बाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून १४४ च धरले होते. शिक्षिकेच्या पगारातून आणि मग पेन्शनमधून एकेक करत त्या इथवर आल्या होत्या.

आता ट्रेमधली ती दोन नाणी. एक टपालाने आलेलं, दुसऱ्या गावच्या विक्रेत्याकडून. पांढरंशुभ्र, लखलखीत, हातात घेताच आवडावं असं. दुसरं एका कुटुंबाने विकायला आणलेल्या जुन्या संग्रहातलं. वर्षानुवर्षं पुठ्ठ्याच्या बोर्डात बसून त्याच्या एका कडेला तांबूस-तपकिरी रंग चढलेला, मध्यभागी करडी झाक. बाईंची नजर अर्थातच पांढऱ्यावर गेली. मी म्हटलं, "आधी दोन्ही बघू या."

वजनाचा इथे काही उपयोग नसतो. दोन्ही साडेबारा ग्रॅम भरली, व्यासही बरोबर. भरणारच, कारण नकली ताऱ्याचं नाणं हे बहुतेक वेळा अस्सल साधं ग्रँटच असतं. कोणीतरी पोलादी खिळा घेऊन त्यावर तारा ठोकलेला असतो, बस. साधी नाणी ६७ हजारांच्या आसपास उरली असल्यामुळे ठोकायला माल भरपूर आहे.

मी दिवा खाली ओढला, पांढरं नाणं कडेने धरलं आणि सावकाश फिरवलं. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर प्रकाश पडला की चमकेचा पट्टा नाण्याबरोबर फिरत जातो. ठशाखाली धातू मधून कडेकडे वाहतो, त्या बारीक रेषांमुळे ही चमक येते. पांढऱ्या नाण्यावर हा पट्टा छान फिरत होता आणि ताऱ्याच्या जवळ येऊन तुटत होता. भिंगाखाली ताऱ्याच्या पाचही टोकांभोवती उंचवटा दिसला, कणकेत बोट दाबल्यावर कडेने वर येते तसा. खऱ्या नाण्यात तारा बाकीच्या चित्राबरोबर एकाच दाबाखाली उमटतो, त्याला धातू असा बाजूला ढकलावा लागत नाही. मग नाणं उलटं केलं. ताऱ्याच्या बरोबर पाठीमागच्या जागी पानांचे बारकावे बसलेले, चपटे झालेले. वरून ठोकताना खाली काहीतरी कठीण ठेवलं असणार, त्याची ती सपाटी.

मी भिंग बाईंच्या हातात दिलं आणि काही सांगितलं नाही. ग्राहकाने स्वतः पाहणं मला नेहमी बरं वाटतं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मागे झाड मेलंय."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या नाण्यावर तपकिरी रंग होता, पण चमक त्या रंगाखालून ताऱ्याच्या थेट काठापर्यंत अखंड जात होती. काठ स्वच्छ, उंचवटा नाही. मागची पानं जिवंत. आणि हनुवटीखाली, गळ्याच्या आसपास पुसट रेघा होत्या. टाकसाळीत कधीकधी मध्ये चांदीची चकती नसतानाच दोन ठसे एकमेकांवर आदळतात आणि एकाच्या चित्राची खूण दुसऱ्यावर उमटते. पुढे त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती खूण येत राहते. ताऱ्याच्या बऱ्याच अस्सल नाण्यांवर याच जागी अशा रेघा दिसतात. तारा ठोकणाऱ्याला ही खूण सहसा सुचत नाही, आणि सुचली तरी करता येत नाही. मी मालकांना बोलावलं, त्यांनीही पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात शंका उरली नाही. पांढरं नाणं त्याच दिवशी कारण लिहून परत पाठवलं.

किमतीवर बाईंनी घासाघीस केली नाही. रक्कम कित्येक वर्षांपासून वेगळी ठेवलेली होती. पैसे झाल्यावर त्यांनी विचारलं, "मागची खोली मोकळी आहे का?" बाकीचे १४३ त्या सोबत घेऊनच आल्या होत्या.

मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर आम्ही काळी मखमल अंथरली आणि नाणी सालाच्या क्रमाने मांडायला घेतली. मी आयुष्यभर ही नाणी एकेकटी पाहिली आहेत. भिंगाखाली एका वेळी एकच नाणं मावतं. संपूर्ण रांग एका नजरेत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, तीही इतिहासाच्या शिक्षिकेसोबत.

सुरुवातीला कोलंबस, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी. अर्ध्या डॉलरचं नाणं एक डॉलरला विकलं गेलं, आणि तिथूनच लोकांना कळलं की दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन कशासाठीही निधी उभा करता येतो. शेजारी राणी इसाबेलाचा पाव डॉलर, प्रदर्शनाच्या महिला मंडळाने मागून घेतलेला, मागच्या बाजूला सूत कातणारी स्त्री. मग लाफायेत आणि वॉशिंग्टन यांचा डॉलर. त्यावर साल १९०० आहे, पण ही सगळी नाणी १४ डिसेंबर १८९९ ला, वॉशिंग्टनच्या शंभराव्या स्मृतिदिनी, एकाच दिवसात पाडली. १९२१ च्या अलाबामाच्या नाण्यापाशी बाई थांबल्या. राज्याची शताब्दी १९१९ ला झालेली, नाणं दोन वर्षं उशिरा आलं, आणि त्यावर पदावर असलेल्या राज्यपालांचा चेहरा. जिवंत माणूस अमेरिकेच्या नाण्यावर येण्याची ती पहिली वेळ. ते चित्र लॉरा गार्डिन फ्रेझर यांचं. आमचं ग्रँटही त्यांचंच.

१९३६ सालापाशी टेबल कमी पडलं. त्या एका वर्षात क्लीव्हलँड, लाँग आयलंड, ब्रिजपोर्ट, लिंचबर्ग, एल्जिन, यॉर्क, कोण नाही! सिनसिनाटीच्या तिन्ही नाण्यांवर गीतकार स्टीफन फॉस्टर आहे, शहर संगीताचं केंद्र झाल्याला ५० वर्षं झाली म्हणून. म्हणजे १८८६ पासून. फॉस्टर १८६४ मध्येच गेला होता. पाच हजारांच्या आसपासच संच काढले आणि तीन नाण्यांचा संच पावणेआठ डॉलरला विकला. बाईंना या नाण्याचा मनापासून राग होता. "हे प्रत्येक वर्गाला दाखवायला हवं," त्या म्हणाल्या, "सरकारी शिक्का असला म्हणजे गोष्ट खरी असते असं नाही." अशा प्रकारांनीच काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, वैतागली आणि १९३९ नंतर नवी नाणी थांबली, ती थेट १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

रांगेच्या शेवटी, गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टनची १८ नाणी, आणि तो व कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ कार्व्हर दोघे एकत्र असलेली 'वॉशिंग्टन-कार्व्हर'ची १२. संग्राहक यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. काही सालांची छपाई भरपूर, चेहरे तेच ते, त्यामुळे दुकानात ती डब्याच्या तळाशी पडलेली असतात. १४४ पैकी ३० नाणी ही आहेत. त्यांचे शिल्पकार आयझॅक स्कॉट हॅथवे, अमेरिकेचं नाणं घडवणारे पहिले कृष्णवर्णीय कलाकार. बुकर टी. च्या मागच्या बाजूला गुलामाच्या झोपडीपासून कीर्तिमंदिरापर्यंत अशा अर्थाचे शब्द आहेत. न खपलेली बुकर टी. ची नाणी वितळवून तीच चांदी कार्व्हरच्या नाण्यांसाठी वापरली गेली.

बाईंनी मग १९२५ चं स्टोन माउंटन नावाचं नाणं उचललं. घोड्यावर ली आणि जॅक्सन, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या बाजूचे सेनापती, आणि मागे दक्षिणेच्या सैनिकाच्या शौर्याचा गौरव. ते त्यांनी १९४६ च्या बुकर टी. शेजारी ठेवलं. "यांच्यामध्ये फक्त २१ वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही याच देशाच्या टाकसाळीतून आली." ५० चा संच असो की १४४ चा, स्टोन माउंटन दोन्हीत असतं. पण बुकर टी. आणि कार्व्हरची सगळी तीस नाणी रांगेत दिसल्याशिवाय रांगेच्या या टोकाचा भार जाणवत नाही, हे मला तिथे पटलं. फक्त देखणी नाणी जमवणाऱ्यांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कडक झालं आहे.

दुपारी विम्यासाठी यादी करायला बसलो. साल, चिन्ह, श्रेणी, रंग, काही दोष. ताऱ्याच्या ग्रँटपुढे मी आदळलेल्या ठशाच्या रेघांची जागाही नोंदवली, उद्या कोणी शंका घेतली तर हाताशी असावी म्हणून. तेवढ्यात बाईंनी पर्समधून एक कागद काढला. ज्या शाळेत त्या शिकवायच्या तिला हा संग्रह दाखवण्यासाठी द्यायचा त्यांचा विचार होता, आणि पत्राचा मसुदा तयार होता. अट एकच: नाणी दाखवायची तर सगळी दाखवायची, सालाच्या क्रमाने, एकही न वगळता.

मी सुचवलं की दोन्ही बाजू दिसतील अशा काचेच्या चौकटी हव्यात, नाहीतर ते झोपडीचे शब्द आणि ते शौर्याचे शब्द दोन्ही पाठीमागे दडून राहतील. त्यांनी पेन काढून ते वाक्य अटीत घातलं आणि चौकटीसाठी नाण्याचा नेमका व्यास विचारला. अर्ध्या डॉलरचा ३०.६ मिलिमीटर. लाफायेत आणि इसाबेला यांच्यासाठी वेगळी मापं लागणार होती, ती मी शेजारी लिहून दिली.